बर्फातलं नाणं

२ सप्टेंबर, सोमवार

काल माझं नाक कापलं गेलं, तेही माझ्याच घरात, माझ्याच मीटरकडून.

गल्लीतल्या पुरुषांची महिन्याची प्रार्थना या वेळी आमच्याकडे होती. चटईवर चाळीस माणसं, दोन पंखे, बायकोने सकाळपासून चालू ठेवलेला भाताचा कुकर, गरम पाण्याचं यंत्र आणि मागच्या खोलीत सूनबाईंचा फ्रीजर. त्यात कुणीतरी पाण्याची मोटार लावली आणि खटका पडला. पंखे थांबले, दिवे गेले. सेमारांगच्या या उकाड्यात चाळीस घामट माणसं अंधारात बसली. गल्लीचे प्रमुख दार्सोनो म्हणाले, "मीटर वाचणाऱ्याच्या घरीच मीटरला चक्कर आली." मग काय, सगळे हसले. शेजारचा यात्नो तर सगळ्यात जास्त.

मी सुकार्जो. सत्तावीस वर्षं या शहरातले मीटर वाचत हिंडलो. कुठल्या घरात दिवसभर टीव्ही भिंतींना दाखवला जातो, कुठल्या घरात इस्त्री तापत ठेवून बाई शेजारणीशी गप्पा मारते, हे मला घरात न शिरता कळायचं. मग ती नवी टोकनची मीटरं आली. दुकानातून टोकनचे आकडे विकत घ्या, मीटरात टाका, वीज भरा, संपत आली की मीटर टुक्‌टुक्‌ कोकलत राहणार आणि गल्लीभर कळणार. माणसाची गरज उरली नाही. मला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं.

आज सकाळी मुलगा हांदोको म्हणाला, "बापाक, नऊशे वॅटची जोडणी आता पुरत नाही. तेराशेचा अर्ज करू या." जणू दोष जोडणीचा. मी सांगितलं, या घरात वीज कमी नाही, अक्कल कमी आहे. आज एक टोकन नऊ दिवस चालतं. वीस तारखेपर्यंत मी ते चौदाच्या हिशोबात आणून दाखवतो. जमलं तर अर्जाचं नाव काढायचं नाही. तो हसला आणि कबूल झाला. अट एकच घातली, वेनिंगच्या फ्रीजरला हात लावायचा नाही.

वेनिंग आमची सून, कपड्यांच्या कारखान्यात शिवते. तेवीस तारखेला कारखाना तिला चौदा दिवसांसाठी सुराबायाला शिकायला पाठवणार आहे. परत आली की ती तिच्या रांगेची मुकादम. पाच महिन्यांची लिन्तांग तेवढे दिवस आमच्याकडे राहणार, म्हणून अंगावरचं दूध साठवायला तिने एक जुना फ्रीजर भाड्याने आणलाय. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात दूध काढते, पिशवीत भरते, तारीख घालते, बर्फात घालून घरी आणते. आमच्या वेळी पोरं भाताच्या पेजेवर वाढली आणि वीज कार्यालयात नोकरीलाही लागली. पण हे कुणाला सांगायचं.

४ सप्टेंबर, बुधवार

मोहीम सुरू. भात शिजला की कुकरची पिन मी स्वतः काढतो. मुर्तिनी, म्हणजे आमची बायको, तो पहाटे लावते आणि संध्याकाळपर्यंत भात गरम ठेवते. वाफाळलेला भात खाण्याएवढे मोठे लोक आम्ही कधी झालो देव जाणे. दुपारी सोयाबीनच्या तेम्पेच्या वड्या आणि गार भात खाल्ला. ती म्हणाली, भात घशाखाली उतरत नाही. मी म्हटलं, पाणी पी. तर पाण्याच्या यंत्राचीही पिन काढलेली. मग ती ताट घेऊन उठली, वाद संपला, हा त्यातला फायदा.

इस्त्री आठवड्यातून एकदा. मोटार दिवसातून एकदा, पहाटे. दिवे जिथे माणूस तिथेच. हांदोको न्हाणीघरातून बाहेर आला की मी दिवा बंद करतो. काल तो आत असतानाच केला, ती चूक झाली. पण इतका वेळ आत काय करतो तो?

सकाळी वेनिंग कारखान्यात निघाली. रोज ती ओसरीवर लिन्तांगला माझ्या मांडीवर ठेवते, बुटांचे पट्टे लावते, मग नमस्काराला माझा हात स्वतःच्या कपाळाला लावून जाते. पोरगी माझ्या बोटाला धरून ठेवते. पकड चांगली आहे. मी तिला मीटरचा लाल दिवा दाखवला. सावकाश लुकलुकत होता. समजलं असावं तिला, हसली.

५ सप्टेंबर, गुरुवार

यात्नोने एक पांढरा डबा आणलाय. भिंतीत लावायचा, हिरवा दिवा लागतो, वीज म्हणे अर्धी होते. मला बोलावून दाखवला. त्याच्याकडे एसी आहे आणि एसीच्या खोलीचं दार सताड उघडं, कारण मांजराला ये-जा करायची असते. मी त्याचं मीटर पाहिलं. डबा लावा नाहीतर काढा, दिवा तेवढ्याच वेगात लुकलुकतोय. आतमध्ये काय आहे, विचारलं. म्हणाला, "शास्त्र आहे, दादा." गाढव बाजारात जाऊन हिरवा दिवा घेऊन आलं.

यावरून तो पापडवाला आठवला. तांदळाचे पापड तळायचा. मीटरला बारीक भोक पाडून आत पट्टी सरकवलेली, चकती फिरायचीच नाही. मी पकडला तेव्हा बायको आणि चार पोरांना घेऊन रडत उभा राहिला. मी अहवाल लिहिला. वरचे साहेब विचारत होते, जरा सोडून देता आलं नसतं का? मी म्हणालो, मीटरमध्ये हात घालणारा तो चोर. घरात किती तोंडं आहेत ते मीटर विचारत नाही. हे वाक्य पुढे कार्यालयात बरीच वर्षं लोक माझ्या नावाने सांगत.

९ सप्टेंबर, सोमवार

सगळं करून टोकन अकरा दिवसांच्या हिशोबात आलंय. अकरा! म्हणजे यात्नोच्या डब्यापेक्षा बरं, इतकंच.

आज सगळ्या पिना काढून एकेक वस्तू लावून मोजलं. माझा संशय खरा ठरला. निम्म्याच्या आसपास वीज तो फ्रीजर खातो. दाराचं रबर फाटलेलं, अंग गरम. दिवसरात्र घुरघुरत असतो, दमेकरी म्हाताऱ्यासारखा. तो आहे माझ्याच मागच्या खोलीत, जिथे माझी मीटरवाचनाची जुनी पुस्तकं आहेत. आणि मीच त्याला हात लावायचा नाही.

उघडून पाहिलं, बघायला बंदी नव्हती. अठ्ठ्याहत्तर पिशव्या, तारखेनुसार रांगेत, पुस्तकांसारख्या. आणि पुढच्या फळीवर एक निळा प्लास्टिकचा कप. त्यात बर्फ आणि बर्फावर एक हजार रुपियाचं नाणं ठेवलेलं. मुर्तिनीला विचारलं, तर म्हणे, "वेनिंगचं काहीतरी आहे, मला नाही माहीत." मला माहीत आहे. सूनबाईंची आई वोनोगिरीकडच्या डोंगरातली. दुधाला नजर लागू नये म्हणून कुण्या वैदूने सांगितलेला तोडगा असणार. कारखान्यात विजेवर चालणारी शिलाई यंत्रं चालवते आणि घरी बर्फावर नाणं पुजते. रोज घरी आली की हात धुऊन आधी तो कप पाहते, मगच पोरीला घेते. आज लक्ष ठेवून पाहिलं, बरोबर तसंच.

तिला सरळ विचारता आलं असतं. पण सासऱ्याने सुनेला असलं काही विचारावं, तिने मान खाली घालून "हो बापाक" म्हणावं आणि त्यातून काहीच कळू नये, यापेक्षा न विचारलेलं बरं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज केलं. आठ वाजता दोघं कामाला गेल्यावर पिन काढली, तीन वाजता परत लावली. सात तास. हात लावायचा नाही असं ठरलंय, तर फ्रीजरला हात लावला नाही. पिनेला लावला.

मधे दोनदा उघडून पाहिलं. पिशव्या कडेने मऊ पडल्या होत्या, लोण्यासारख्या. सहाला पाहिलं तर पुन्हा दगड. मग बिघडलं काय? बर्फ वितळला, बर्फ झाला. पण तोडग्याची मात्र वाट लागली. कपातलं पाणी झालं, नाणं तळाशी गेलं आणि वरून बर्फ जमला. वेनिंग आल्या आल्या तेच पाहणार, आणि मग कोणी उघडला, का उघडला, हांदोको, त्याची अट, सगळं रामायण. म्हणून माझ्या खिशातलं एक हजाराचं नाणं काढून बरोबर मधोमध ठेवलं. तिने पाहिलं, समाधान पावली, पोरीला घेतलं. देवाला काय, कुठलंही नाणं चालतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रोज तेच. आठला पिन काढायची, तीनला लावायची, सहाला नाणं ठेवायचं. रोज एक नाणं बुडतं आणि रोज एक वर चढतं. मुर्तिनीला कमी ऐकू येतं, घुरघुर थांबली तरी तिला पत्ता नाही. दिवसाच्या दुधासाठी वेनिंग आदल्या संध्याकाळी जुन्यातल्या पिशव्या काढून स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवते, त्यामुळे मागच्या खोलीत कुणी फिरकत नाही.

आजचा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. टोकन साडेतेरा दिवसांच्या हिशोबात!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लिन्तांगला जुलाब. तीनदा. मुर्तिनी म्हणते दात येतायत. पाचव्या महिन्यात दात? असतील, आजकाल सगळंच लवकर येतं.

मशिदीत दार्सोनोंना सांगितलं, नऊशेवर माझं घर चौदा दिवस चालतं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाले, "गल्लीतल्या लोकांना एकदा शिकवा ना." मी म्हटलं, यांना? यांना दिव्याचं बटण खाली की वर ते शिकवण्यात एक वर्ष जाईल. पण विचार करून ठेवलाय. पाच मुद्दे काढलेत.

१४ सप्टेंबर, शनिवार

पोरगी किरकिर करते. दुपारचं दूध घ्यायलाच तयार नाही, तोंड फिरवते. मुर्तिनीने वास घेऊन पाहिला आणि नाक मुरडलं. म्हणाली, आंबूस लागतं का बघा. मी म्हटलं, माणसाच्या दुधाचा वास मी कशाला बघू. संध्याकाळी आईजवळ मात्र गटागटा प्यायली. म्हणजे लाड. आई हवी, दूध नको. तेवीसनंतर काय करणार आहे ही?

वेनिंग सुट्टीच्या दिवशीही दूध काढत बसणार आहे. साठा नव्वदला पोचला. रोज किती काढलं ते कॅलेंडरवर लिहिते. डोळ्यांखाली काळं आलंय. मुकादम होण्याची एवढी हौस.

१६ सप्टेंबर, सोमवार

काल रविवार, सगळे घरी, पिन काढता आली नाही. त्या एका दिवसाने हिशोब बिघडला म्हणून आज साडेतीनपर्यंत बंद ठेवला.

पोरीला पुन्हा जुलाब. हांदोको तिला सरकारी दवाखान्यात नेऊन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन पाव किलोने घटलंय, दूध नीट साठवता ना? घरी हे ऐकून वेनिंग म्हणाली, हो, गोठवलेलं आहे, रोज बघते. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. डॉक्टर लोकांना काही कळलं नाही की आईला बोल लावतात. मी हे हांदोकोला बोलूनही दाखवलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हजाराची नाणी संपली. कोपऱ्यावरच्या दुकानात मागायला गेलो, तर त्या बाईकडे सुट्टे नव्हते आणि वर तिने मला कशाला हवीत म्हणून विचारलं. पाचशेचं होतं, तेच ठेवलं. जरा लहान आहे. पण तोडगा करणारी माणसं नाण्यावर काय लिहिलंय ते वाचत बसत नाहीत.

वेनिंग आली, कप पाहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग मुर्तिनीला विचारलं, "इबू, कोणी नाणं बदललं का?" मुर्तिनीला धड ऐकूही आलं नाही. वेनिंग कप घेऊन न्हाणीघरात गेली. नळाचा आवाज आला. बराच वेळ बाहेर आली नाही, आणि पोरीला घ्यायचं तर विसरूनच गेली.

चौदा दिवस, दोन तास. मी जिंकलोय. हे लिहून ठेवतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी मी ओसरीवर होतो. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यामागे आहे. वेनिंग आज कारखान्यात उशिरा जाणार होती. मुर्तिनीला ऐकू यावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलत होती, आवाज न चढवता. ती कधीच चढवत नाही.

"इबू, पाणी गोठलं की वर नाणं ठेवायचं. मी घरी नसताना वीज गेली, बर्फ वितळला, तर ते खाली बुडतं. परत गोठलं तरी वर येत नाही. कारखान्यातल्या सगळ्या बायका ठेवतात. वितळून गोठलेलं दूध बाळाला द्यायचं नसतं ना."

मुर्तिनी म्हणाली, "वीज तर गेली नव्हती."

"पाचशेच्या खाली सात नाणी आहेत, इबू. एकावर एक."

थोड्या वेळाने कात्रीचा आवाज आला आणि मोरीत दूध पडल्याचा. मग परत कात्री. मला मोजायची सवय आहे, सुटत नाही. ब्याण्णव वेळा.

मधे मुर्तिनी बाहेर आली. मला वाटलं आता काही बोलेल. तिने माझ्या खुर्चीशेजारचा कॉफीचा ग्लास उचलला, मी अर्धा प्यायलेला, आणि आत गेली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वेनिंगने कारखान्यात सांगितलं, सुराबायाला जाता येणार नाही. तिच्या जागी दुसरी बाई जातेय, तीच मुकादम होईल. फ्रीजर भाड्यावाल्याने नेला. मागच्या खोलीत आता शांतता आहे. माझी वाचनाची पुस्तकं तेवढी उरली.

हांदोको आला आणि माझ्यासमोर बसला. मी वाट पाहत होतो. त्याने ओरडावं म्हणून तयारी करून ठेवली होती, दोन उत्तरंही जुळवली होती. रबर फाटकं होतं, भाड्यावाल्याची चूक. मला कुणी सांगितलं नाही नाणं कशाला ते. दुसरं उत्तर खरं आहे. मी विचारलं नव्हतं, हेही खरं आहे.

तो म्हणाला, "बापाक, उद्या वीस तारीख. आपण जिंकलात. तेराशेचा अर्ज मी करत नाही."

इतकंच बोलून उठला. एवढ्या आदराने माझ्याशी तो कधीच बोलला नव्हता.

दार्सोनोंचा निरोप आला, रविवारी गल्लीसमोर पाच मुद्दे मांडा. मी बरं वाटत नाही म्हणून कळवलं.

त्या पापडवाल्याने मीटरात पट्टी घातली होती ती कार्यालयाला फसवायला. पोरांच्या तोंडचं काही काढलं नव्हतं त्याने. चोर मी त्याला म्हणालो होतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ओसरीवर आलो तर माझ्या कॉफीच्या जागी तो निळा कप होता. ग्लासवर झाकतात तसं त्यावर झाकण, खाली बशी, बशीत चमचा. सगळं व्यवस्थित मांडलेलं. कोणी मांडलं ते विचारायची गरज नव्हती. असं आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही.

झाकण काढलं. आत घरच्या फ्रीजमध्ये पुन्हा गोठवलेला बर्फ, वर पाचशेचं. उन्हाची तिरीप टेबलावर होती, म्हणून वितळायला वेळ लागला नाही. पाचशेचं बुडालं, मग बर्फाच्या कडा सुटल्या आणि खालची दिसायला लागली. एक, दोन, तीन. सत्तावीस वर्षांत माझं वाचन एकदाही चुकलं नाही. पाचशेचं सोडून सातच होती. पहिलं तिचं, बाकीची सहा माझी. ती बुडाली त्या तारखा, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, सोळा, सतरा. कोणत्या दिवशी दुपारी पोरीने तोंड फिरवलं, ते मला आता नाण्यावर बोट ठेवून सांगता येतं.

कोणीतरी दार उघडलं. वेनिंग कामाला निघाली होती, लिन्तांग तिच्या कडेवर. पोरगी बारीक झालीय. मला पाहून हसली आणि हात पुढे केला, बोट धरायला. मी मांडीवरची वही बाजूला ठेवली, जागा केली.

वेनिंग माझ्यासमोर वाकली, माझा हात कपाळाला लावला, रोजच्यासारखा. मग पायरीवर बसली आणि पोरीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बुटाचे पट्टे लावायला लागली. एका हाताने ते लागत नाहीत. दोनदा सुटले. मी बघत होतो. तिसऱ्यांदा लागले, आणि ती पोरीला आत मुर्तिनीकडे देऊन गेली.